दादाची पाठ

दादा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा फोन दुपारी एंगेज लागू लागला.

मी तेव्हा कोपरगावला स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेर चपला काढायच्या, आत प्लास्टिकची कव्हरं घातलेली मशीनं. दुपारी बॅच नसायची. आईने बीपीची गोळी घेतली का, वहिनी जेवली का, एवढं विचारायला मी घरी फोन लावायचे, आणि रोज तो टूं टूं आवाज. आधी वाटलं, रिसीव्हर नीट ठेवला नसेल. मग वाटलं, वहिनी माहेरी बोलत असेल. पण तिच्या माहेरी, कर्जतकडच्या त्या वाडीत, फोन पंचायतीत होता तेवढाच, आणि तोही बहुतेक मेलेला असायचा.

एका दुपारी मी क्लासला कुलूप लावलं आणि उन्हातच सायकलवर घरी गेले. आई पुढच्या खोलीत सतरंजीवर झोपली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि दारामागून की-बोर्डची बटणं वाजत होती. सावकाश, एकेक. ज्याला अक्षरं शोधावी लागतात त्याच्या हाताची.

मी दार ढकललं. वहिनी दादाच्या खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन, पदर खोचून. पडद्यावर हिरवं मैदान होतं आणि त्यातून निळ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा चालत होता.

"वहिनी," मी म्हणाले.

ती दचकली नाही. मान न वळवता म्हणाली, "ताई, हळू बोला. आत्या झोपल्यात." आणि मग, पडद्याकडे बोट करून, "हे बघा. चालत्यात."

दादा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे घरातला कर्ता तोच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तो साखर कारखान्यात लागला होता, बॉयलर आणि रस आटवायच्या पॅनवरची मीटरं तपासायच्या खात्यात. कारखान्याच्या ऑफिसात नवी मशीनं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली, आणि त्यातलं एक दादा सायकलच्या कॅरियरला बांधून घरी घेऊन आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चालू केलं की बराच वेळ घरघरायचं आणि मग एका कोपऱ्यात सी हे अक्षर, दोन टिंबं, एक तिरपी रेघ, एक बाण, आणि त्यापुढे लुकलुकणारी एक बारीक रेघ. बस्स. पुढे काय ते आपण सांगायचं.

"ह्याला नाव घेऊन हाक मारावी लागते," दादा मला सांगायचा. "नाव एका अक्षराने जरी चुकलं तरी ओळख दाखवत नाही."

मी त्या काळ्या पडद्यावरच शिकले. पुढे क्लासमध्येही मी डॉस, म्हणजे तो काळा पडदा, शिकवताना दादाचंच वाक्य सांगायचे. मग विंडोज आलं, तेही आधी काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करून बोलवावं लागायचं. आणि त्यानंतर दादाने नाशिकहून सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं नवं मशीन आलं, विंडोज पंचाण्णववालं. बटण दाबलं की निळं आकाश, पांढरे ढग, आणि मग टेबलावर मांडून ठेवल्यासारखी सगळी चित्रं. नाव घ्यायची गरज नाही, नुसतं बोट दाखवायचं. मला ते फार आवडलं. दादा मात्र हसून म्हणाला होता, "काळं आहे खालीच. वरून ढग चढवलेत."

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ढगांचं मशीन घरात होतं. ती दहावी पास. इंग्रजी तिला वाचता यायचं, अक्षर अक्षर लावून, अर्थ मात्र कमी लागायचा. दादा रविवारी मशीनसमोर बसला की ती चहा आणून द्यायची आणि खुर्चीमागे उभी राहायची. मी बरेचदा विचार केला आहे की घरात अजून ते काळं मशीन असतं तर दादा गेल्यावर वहिनीला तो सापडलाच नसता. त्याला बोलवायला कुठलं नाव टाइप करायचं, हे तिला कुणी सांगितलं असतं?

रविवारी एसटीडी स्वस्त असे, म्हणून रविवार. इंटरनेटसाठी मोडेमवरून नगरला फोन लावावा लागायचा. ते किंचाळणं, ती खरखर, मग एकदम शांतता, म्हणजे लागला. कुठल्याशा कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर दादाला एक प्रोग्रॅम मिळाला होता. तो उघडला की एक दुनिया यायची. खरं तर थेंब थेंब यायची, कारण आमच्या तारेतून एवढं सगळं एकदम मावत नसे. आधी हिरवी जमीन, मग झाडं, मग घरं आणि सगळ्यात शेवटी माणसं. ही माणसं म्हणजे जगभरातून आपापल्या मशीनसमोर बसलेले लोक. प्रत्येकाने एक बाहुला निवडलेला. कुणी चिलखत घातलेला शिपाई, कुणी पक्षी, कुणी शेपटीवाली बाई. बोललं की शब्द डोक्यावर उमटायचे. मोकळी जमीन मिळेल तिथे विटा, खांब, दारं मांडून घर बांधता यायचं.

पैसे न भरता येणाऱ्यांना तिथे पाहुणे म्हणायचे. पाहुण्यांना बाहुले थोडेच मिळत. दादाने त्यातला निळ्या शर्टाचा साधा माणूस घेतला आणि नावाच्या जागी आपल्या गावाचं नाव टाकलं, कोपरगाव. तिथल्या लोकांना ते म्हणता येईना. ते त्याला नुसतं कोपर म्हणू लागले. वहिनीला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. "आन ह्याला मिशी बी न्हाई," ती म्हणाली. दादाला चांगली झुपकेदार मिशी होती.

आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. लाईट कधीही जायची आणि दादा बोलता बोलता तिथून नाहीसा व्हायचा. अर्धं वाक्य डोक्यावर तसंच ठेवून. पहिल्यांदा तिथले लोक घाबरले. मग दादाने त्यांना समजावलं की आमच्याकडे असंच असतं, लाईट आली की मी येईन. त्यानंतर तो गेला की कुणी शोध घेत नसे. कोपरची लाईट गेली, एवढंच म्हणत.

तो शेवटचा रविवार मला आठवतो. गळीत हंगाम जोरात होता. दादाला संध्याकाळच्या पाळीला जायचं होतं. दुपारी तो मशीनवर होता, वहिनीला हाका मारत होता, "ये गं इकडे, तुझं काम आहे." ती भाकरी थापत होती, म्हणाली, येते. तेवढ्यात लाईट गेली. दादा थोडा वेळ काळ्या पडद्यासमोर बसून राहिला, मग उठला. "राहू दे, पुढच्या रविवारी," म्हणाला, आणि मोटारसायकल काढून कारखान्याकडे गेला. रस्त्यात अंधार पडला. उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन वाटेतच उभी होती, मागे दिवा नाही, लाल फडकं नाही. दादाला ती दिसली नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अख्खा कारखाना आला होता. भंतेजींचे शब्द चालू असताना वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडली नाही. त्यानंतरही नाही. आई म्हणायची, "रड गं बाई. आत नगं साठवू." वहिनी मान हलवायची आणि उठून कामाला लागायची.

आणि आता ती दादाला चालवत होती.

तिने मला सगळं सांगितलं, अगदी सहज, जसं एखादी भाजी कशी केली ते सांगावं. धूळ पुसायला म्हणून तिने कापड काढलं होतं. पुसता पुसता बटण दाबलं गेलं. ढग आले. मग मशीनने विचारलं, कोण आहात? आणि त्या चौकटीत दादाचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

"मला वाटलं, ह्यांना विचारतंय, कुटं हाये म्हणून," ती म्हणाली. "मी एंटर दाबलं."

दादा काय करायचा ते तिने मागे उभी राहून शंभरदा पाहिलं होतं. तिने त्याच चित्रावर बोट ठेवलं, मोडेम किंचाळला, जमीन आली, झाडं आली, आणि निळ्या शर्टाचा माणूस तिला पाठमोरा उभा दिसला. काही न करता सोडला तरी तो पुतळ्यासारखा उभा राहत नसे. त्या बाहुल्यांना तसं केलेलं असायचं. थोड्या वेळाने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा, खांदे वर-खाली व्हायचे, मान जराशी वळायची.

"ताई, हे श्वास घेत्यात," वहिनी म्हणाली.

मी शिकलेली होते. हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं हे मला माहीत होतं. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. ती ऐकून घेत होती आणि पडद्यावर तिचा नवरा मान वळवत होता.

"लोक बोलत्यात ह्यांच्याशी," ती म्हणाली. "मला समजंना. म्हून मी येस म्हनते, नाहीतर थँक्यू म्हनते, आन बंद करते. त्यांना वाटतं लाईट गेली."

म्हणजे चार महिने त्या दुनियेत दादा मेलाच नव्हता. मध्ये काही दिवस त्याची लाईट गेली होती, आणि आता तो परत येऊन कमी बोलत होता.

पडद्याच्या कडेला एक पांढरा पक्षी उतरला. डोक्यावर इंग्रजी शब्द उमटले. वहिनी माझ्याकडे वळली. "ही रोज येती. काय म्हनतीया?"

मी वाचलं. ती कॅनडातल्या कुठल्याशा बर्फाळ गावातली म्हातारी होती, नर्सचं काम करून निवृत्त झालेली. तिची पहाट आणि आमची दुपार एकत्र यायची. ती लिहीत होती, कोपर, तू आजकाल गप्प असतोस. काही झालंय का? वरचा मजला तसाच राहिलाय. आणि तुझ्या बायकोने आपली बाहुली निवडली का? त्या दिवशी तू तिला हाका मारत होतास आणि गेलास.

मी मराठीत सांगितलं. वहिनीचा हात की-बोर्डवरून खाली आला.

"वरचा मजला?" तिने विचारलं.

मी पक्ष्याला विचारलं, घर कुठे आहे? तिला ते विचित्र वाटलं असेल, पण काही न म्हणता ती पुढे निघाली आणि मी बाण दाबत दादाला तिच्या मागे नेलं. एक बाग लागली, ती म्हातारीची होती. बागेच्या पलीकडे विटांचं घर होतं.

आता इथे सांगायला हवं की स्टेशनच्या बाजूला दादाने एक प्लॉट घेतला होता. जोतं बांधून झालं होतं, चार पावसाळ्यांनी त्यावर गवत उगवलं होतं. त्यावरच्या घराचा नकाशा दादा आणि वहिनी जेवणानंतर जमिनीवर खडूने काढायचे आणि सकाळी आई फरशी पुसताना पुसून टाकायची. मी त्या नकाशात कधी लक्ष घातलं नव्हतं.

वहिनीने घातलं होतं. दादा दारातून आत गेला तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"ही मोरी," ती म्हणाली. "मी म्हनले हुते, मोरी दारासमोर नगं, आत घ्या. घेतली बघा. आन ही खिडकी वट्याच्या वर, उगवतीला. भाकरी करताना तोंडावर उजेड यावा म्हून." ती बोटाने पडद्याला शिवत होती आणि प्रत्येक ठिकाणी काचेवर पिठाचा ठसा उमटत होता. "कपाटं न्हाई केली. कपाटं मागनं करू म्हनले हुते."

मागे एक झाड होतं. तिथल्या सामानात पिंपळ मिळत नसावा, दादाने दुसरंच कुठलं तरी परदेशी झाड लावलं होतं. वहिनी म्हणाली, "ह्यो पिंपळ." जिना अर्ध्यावर संपला होता. त्याच्या वर काहीच नव्हतं.

ती तेव्हा रडली. तोंडात पदर धरून, आवाज न करता, आई उठू नये म्हणून.

त्यानंतर आमच्या दुपारी तशाच जाऊ लागल्या. तिला थांबव, असं मला कुणीतरी सांगायला हवं होतं, पण सांगणारं कोण? मी तर स्वतःच सायकल मारत घरी येऊ लागले, फोनचं वाढलेलं बिलही माझ्या पगारातून भरू लागले. ती चालवायची, मी वाचून दाखवायचे. पण एक गोष्ट वहिनीला खुपायला लागली. त्या प्रोग्रॅममध्ये आपला बाहुला आपल्याला मागूनच दिसायचा. वळवावा तर सगळी दुनियाच वळायची आणि तो पुन्हा पाठमोराच. कडेने तरी तोंड दिसावं म्हणून ती खूप खटपट करायची.

"समद्यांना तोंड दिसतं," ती म्हणाली. "मलाच पाठ."

आमच्या क्लासमध्ये त्याच सुमारास इंटरनेट आलं होतं. मीच सुचवलं. दादाची ती सीडी नेऊन एका दुपारी मी क्लासच्या मशीनवरून पाहुणी म्हणून आत गेले. पाहुण्यांतली एक साधी बाई घेतली, आणि चालत चालत बागेच्या पलीकडे आले. वहिनी घरून दादाला घेऊन येणार होती. मी तिथून तिला सांगणार होते की तोंड कसं आहे, बस्स, एवढाच विचार होता. ह्यात घाबरण्यासारखं काही असेल असं मनातही आलं नाही.

घर हळूहळू उमटलं. विटा, खिडकी, दार. आणि मग दारात दादा उमटला. समोरून.

मिशी नव्हती. डोळे म्हणजे दोन ठिपके. ते तोंड दादाचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं. पण तो दारात जसा उभा होता, एका पायावर भार टाकून, एक खांदा किंचित खाली, तसा माझा भाऊ मी कॉलेजातून उशिरा आले की दारात उभा असायचा. मी क्लासमध्ये एकटी होते. खाली स्टँडवर नगर गाडीची घोषणा चालली होती. दादाने हात वर केला. आणि त्याच्या डोक्यावर एकेक अक्षर जुळून इंग्रजी लिपीतले मराठी शब्द आले.

ताई, जेवलात का?

ते वहिनी लिहीत होती. मला माहीत होतं ते वहिनी लिहीत होती. दादा मला अहो-जाहो कधीच करत नसे. तरी मी उत्तर लिहिलं, हो दादा.

तो दारात श्वास घेत उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. मग तो वळला आणि घरात गेला.

संध्याकाळी मी घरी पोहोचले तर वहिनी दारातच होती. माझ्या हातातली पिशवी तिने घेतली.

"ताई, तुमी दादा म्हनलात," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटलं. मी तिथं न्हवतेच असं झालं. त्या बाईला खरं सांगून टाका."

आई पुढच्या खोलीत लसूण सोलत होती. आम्हाला वाटायचं तिला काही ठाऊक नाही. ती मान वर न करता म्हणाली, "सांगा. मी रोज ऐकतीया त्या डबड्याचं वरडनं. माझ्या लेकराला मी हातानं माती दिलीया. मला काय बघायचं न्हाई त्यात. पर त्या बाईनं का वाट बघावी फुकट?"

पुढच्या रविवारी मी इंग्रजीत लिहिलं. मी कोपर नाही. कोपर माझा भाऊ होता. तो अपघातात गेला. इतके दिवस त्याची बायको येत होती, तिला इंग्रजी येत नाही.

वहिनी माझा दंड धरून उभी होती. मग पांढऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर शब्द आले. ती लिहीत होती, मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. मला थोडंसं वाटलं होतं. तो पूर्वीसारखा चालत नव्हता, आता पाऊल टाकायच्या आधी थांबून विचार करायचा. मग तिने लिहिलं, बायकोला सांग, ती त्याला फार जपून चालवते.

मी ते सांगितलं. वहिनीने मान डोलावली, जशी घरी कुणी भेटायला आल्यावर डोलवायची.

म्हातारीने तिथल्या लोकांना कळवलं असावं. त्यानंतरच्या रविवारी आम्ही आत गेलो तेव्हा घर उमटायच्या आधी माणसंच उमटू लागली. संपत नव्हती. बागेत, झाडाखाली, भिंतीच्या कडेने, शिपाई, पक्षी, शेपटीवाल्या बाया, एक अस्वल, आमच्यासारखे साधे पाहुणे. कुणाच्याही डोक्यावर एक शब्द नव्हता. इतके सगळे, आणि सगळ्यांची तोंडं दादाकडे. सगळे आपापल्या जागी पाय बदलत होते, मान हलवत होते, श्वास घेत होते. वहिनीने डोक्यावर पदर घेतला. मग तिने मला बाजूला करून स्वतः एकेक अक्षर शोधत लिहिलं, थँक्यू. आणि थोडं थांबून इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहिलं, बसा.

त्यांना ते कुठून कळणार? पण पांढरा पक्षी खाली बसला. मग एकेक करून जेवढ्यांना बसता येत होतं तेवढे बसले.

तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला आणि त्यात आम्हा दोघींची तोंडं दिसली. वहिनी म्हणाली, "बरं झालं. आता उटा कसं म्हनावं, ते मला येत न्हवतं."

त्यानंतर ती आत गेली नाही. मशीनवर कापड टाकलं, फोनची तार मोडेममधून काढून गुंडाळून ठेवली. मी तिला क्लासमध्ये टायपिंगला बसवलं. दुपारी घरचा फोन पुन्हा लागू लागला.

पाऊस संपता संपता क्लासमधल्या माझ्या ईमेलवर म्हातारीचं पत्र आलं. मी तिला पत्ता दिला होता. दोनच ओळी होत्या. काल तुझा भाऊ घराच्या दारात उभा होता. मला वाटलं तुम्ही दोघी असाल, म्हणून मी बोलले, तो काही बोलला नाही, तुझी वहिनी बरी आहे ना?

पाहुण्यांची नावं तिथे कुणाच्या मालकीची नसत, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. कुणीही कुठलंही नाव लिहून आत जाऊ शकत असे. त्या रविवारी जमलेल्यांपैकी एखाद्याने त्याच्या आठवणीसाठी किंवा नुसत्या खोडीने निळा शर्ट आणि ते नाव घेतलं असेल. मी स्वतःला हेच सांगितलं. आजही हेच सांगते. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी आधी आतल्या खोलीत जाऊन मशीनवरचं कापड उचलून पाहिलं. तार गुंडाळलेली होती, तिच्यावर धूळ बसली होती.

मी वहिनीपासून लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं. मी पाहुण्यांच्या नावाचं सांगितलं, तेही ऐकून घेतलं.

"असंल कुनीतरी," ती म्हणाली. मग पाणी भरता भरता थांबली. "नायतर वर बांधत असतील."

आईने त्या हिवाळ्यात वहिनीच्या लग्नाचं मनावर घेतलं. नात्यातल्या काही जणांनी नाकं मुरडली. आई त्यांना म्हणाली, "पोरीचं वय काय, माझं वय काय? दोघी विधवा एका खोलीत बसून काय करनार?" श्रीरामपूरकडचा एक शिक्षक, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, शांत माणूस. लग्न विहारात झालं. वहिनीला निरोप देताना आईच तिची आई झाली आणि माझ्याआधी तीच रडली.

वर्षभराने वहिनी आली होती, नवऱ्याला घेऊन. बरी दिसत होती. चहा करायला आम्ही दोघी आत गेलो तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? मला आता ह्यांचं, म्हंजी तुमच्या दादांचं, तोंड फोटूतच बघावं लागतं. डोळे मिटले की पाठच येती." मलाही दारातलं ते ठिपक्यांच्या डोळ्यांचं तोंडच आठवतं, आणि त्यावर मिशी लावायला मला अजून कष्ट पडतात.

विंडोज अठ्ठ्याण्णव टाकायचं म्हणून मी दादाच्या मशीनमधलं सगळं पुसलं, पण त्याआधी एकदा, शेवटचं, आत गेले. माझ्या बाईच्या बाहुलीतून. बाग होती, पण पक्षी आला नाही. घर होतं. पाहुण्यांनी बांधलेलं कुणीही पाडू शकत असे, पण कुणी पाडलं नव्हतं. मी जिन्याने वर गेले. जिना आता पुरा होता. वर दोन खोल्या होत्या, छत होतं. म्हातारीने बांधल्या असतील. तिच्याशी माझा पत्रव्यवहार तोवर थांबला होता, आणि विचारायला जाण्याचं धाडस मला झालं नाही.

खाली आले तर दारात दोघंजण उभे होते, एक उंच बाई आणि एक लहानसा शिपाई. नवीन असावेत. शिपायाच्या डोक्यावर शब्द आले, हे कुणाचं घर आहे?

मी लिहिलं, माझ्या भावाचं.

तो म्हणाला, छान आहे. आम्ही थोडा वेळ आत बसलो तर चालेल का?

मी म्हणाले, बसा. ते आत गेले. मी दारातून बाजूला झाले आणि मोडेमचा फोन ठेवला.